थोरली, धाकटी आणि चहा

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. फोटो काढताना समोर बसलेल्याला दर वेळी एकच ताकीद, 'हलू नका', आणि तीही अशी खर्जातली की रडतं पोरही क्षणभर गप्प व्हावं. कुणीतरी वात्रटपणाने ते दोन शब्द जोडून टाकले आणि 'हलूनका' हेच त्यांचं नाव पडलं. पुढे पुढे टपालवालाही दारात येऊन "हलूनका आहेत का घरात?" असं विचारू लागला. बायकोला हे नाव मनापासून पटलं होतं. ती म्हणायची, "दुसऱ्याला कशाला सांगायला हवं? स्वतः तरी कधी जागचे हललेत का!"

हलूनका काचेवर फोटो काढायचे. खिशातल्या मोबाइलवर पापणी लवायच्या आत दहा फोटो निघतात, अशा दिवसांत हा माणूस एका फोटोला तासभर घालवायचा, आणि लोक त्यासाठी लांबून यायचे. पद्धत दीडशे वर्षांपूर्वीची. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियन नावाचा पाकासारखा दाट द्राव ओतायचा, काच चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, माणसाला सहा-सात सेकंद पुतळा करून बसवायचं आणि काच वाळायच्या आत अंधाऱ्या खोलीत धाव घ्यायची. तिथे काचेवर डेव्हलपर ओतला की दुधाळ, निळसर पडद्यावर काहीतरी उलटं, भुतासारखं दिसायला लागतं. मग ती धुवायची आणि फिक्सरच्या तबकात सोडायची. फिक्सर तो निळसर पडदा खातो, आणि आतून माणूस वर येतो. फोटो वर्षानुवर्षं टिकणार की डागाळणार, पांढरं पांढरंच दिसणार की राखाडी, हे सगळं या शेवटच्या तबकावर असतं.

हा नाद लागायच्या आधी ते काच कापायचे. बाविशीत असताना एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे काचा पोचवायला गेले, तिथे त्यांनी काचेवर उमटलेला एका बाईचा चेहरा पाहिला आणि हिशेबाचं, निरोपाचं सगळं विसरून तासभर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या मास्तरांनी स्वतःच स्टूल पुढे केलं. सहा वर्षांनी मास्तरांचे डोळे गेले, तेव्हा कॅमेरा, तबकं आणि काळी पडलेली लाकडी खोकी हलूनकांच्या दोन खोल्यांच्या घरात आली. पुढची खोली स्टुडिओ, मागची स्वयंपाकाची आणि झोपायची, आणि मधला बोळ बंद करून अंधारी खोली.

मास्तरांनी फिक्सरच्या दोन बाटल्यांना नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. थोरली म्हणजे सायनाइड. नाव ऐकूनच माणसाच्या अंगावर काटा यावा अशी ही बाई पंधरा सेकंदांत काच लख्ख करायची, जरा पाणी मारलं की धुऊन निघायची, आणि तिचं पांढरं म्हणजे साय! धाकटी म्हणजे हायपो. गरीब, निरुपद्रवी, कामाला मंद, आणि धुताना माणसाच्या नाकी नऊ आणणारी. मास्तर थोरलीच वापरत आणि शिष्याला रोज एकच धडा देत. डेव्हलपरमध्ये आंबट असतं, ते पुरतं धुतल्याशिवाय काच थोरलीत घालायची नाही, नाहीतर हवाच विषारी होते. आणि कडवट वास आला की हातातलं टाकून बाहेर पळायचं. फोटो गेला खड्ड्यात.

हलूनकांनी हा धडा पुरता पाठ केला. अगदी नाकासमोर चालणारा माणूस. तीस वर्षं रोज थोरलीशी गाठ, पण एकदाही तो कडवट वास त्यांना आला नव्हता, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. आलेल्या-गेलेल्यासमोर छाती पुढे काढून सांगायचे, "तीस वर्षं झाली, माझ्या खोलीत तो वास नाही म्हणजे नाही! हात स्वच्छ लागतो." बायको मागच्या दारात उभी राहून हे ऐकायची आणि आत निघून जायची.

दुसरी गोष्ट ते लोकांना सांगायचे ती तिच्या चहाची. काम ऐन रंगात आलेलं असायचं, तीन-चार माणसं बाहेर ताटकळत असायची, अंधाऱ्या खोलीत एकामागून एक काचा चाललेल्या असायच्या, आणि नेमकी अशाच वेळी मागून हाक यायची, "अहो, चहा झालाय! बाहेर या!" नुसती हाक नव्हे, दारावर थापा. उत्तर दिलं नाही तर आणखी थापा. वैतागून बाहेर यावं तर बाईसाहेब तेव्हा कुठे पातेलं शोधतायत.

"कुठाय चहा?"

"ठेवतेय की. बसा जरा. अंगणात बसा, इथे नको, मला झाडायचंय."

मग पाणी उकळेपर्यंत ती अंधाऱ्या खोलीचं दार सताड उघडून ठेवायची, आत फडकं मारायची, झरोक्याची फळी सरकवायची. हलूनका अंगणातून ओरडायचे, "धूळ! अगं, धूळ बसते काचेवर!" बसायचीच. कितीतरी चांगल्या फोटोंवर कोपऱ्यात मोहरीएवढा काळा ठिपका राहून गेला होता. त्यावरून भांडणं झाली, अबोले झाले, पण बाई काही सुधारली नाही. "आमच्याकडे चहा आधी होतो आणि मग ठेवतात," हा हलूनकांचा ठेवणीतला विनोद होता. गिऱ्हाईकं हसायची. मुलगीही हसायची, लग्न होऊन परगावी जाईपर्यंत. बायको हसायची नाही, पण उलटूनही बोलायची नाही.

त्या वर्षी बायकोला ताप आला. साधाच होता, आठ दिवसांत उतरला, पण जाताना एक गोष्ट घेऊन गेला. ते कळलं असं. सकाळची वेळ होती. हलूनका पुढच्या खोलीत काचा पुसत बसले होते. मागून करपल्याचा वास आला. ते उठून गेले तर दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याच्या तळाशी कोळसा झालेला, आणि बायको हातभर अंतरावर बसून शांतपणे भाजी निवडतेय.

"अगं, दूध करपलं! नाक आहे की काय आहे?"

तिने वर पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. गॅस बंद केला. पातेलं उचलून अगदी नाकाशी नेलं, मग खाली ठेवलं, आणि जी बाई सासू-सासऱ्यांच्या जाण्यानंतर कधी रडली नव्हती ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

हलूनका गडबडले. "अगं, दुधाचं काय एवढं! दुसरं आणतो."

"दुधाचं कोण बोलतंय! मला वास येत नाहीये. तापापासून येत नाहीये. आज चौदा दिवस झाले."

"येईल की. सर्दीतही जातो माणसाचा. आणि नाही आला तर दूध मी बघत जाईन."

"दूध तुम्ही बघाल हो," ती म्हणाली. "तुम्हाला कोण बघणार?"

हलूनकांना काही कळेना. तिने डोळे पुसले आणि शांतपणे, एक एक शब्द सुटा करून सांगितलं. "तुमच्या त्या थोरलीचा वास. कडू. तो तुम्हाला येत नाही. कधीच आला नाही. मला येतो. म्हणजे, यायचा."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला तो पहिल्यांदा आला होता. मास्तर तेव्हा होते. घरी येऊन नव्या सुनेलाही त्यांनी तोच धडा दिला होता, कडवट वास आला की पळायचं. ती अंधाऱ्या खोलीच्या दाराशी जाऊन म्हणाली, "अहो, वास येतोय." हलूनका आतून म्हणाले, "मला तर नाही येत." ती म्हणाली, "अहो, खरंच येतोय." तेव्हा नवरेबुवांनी ऐकवलं होतं, "मी सहा वर्षं शिकलोय. तू काल आलीस. उगाच कामात नाक खुपसू नकोस." आणि तीन दिवस अबोला.

"मग मी म्हटलं, वासाचं सांगून हा माणूस बाहेर येत नाही. कशाने येईल? चहाने येतो." ती आता रडत नव्हती. "म्हणून चहा."

 पहिल्यांदा हलूनकांना राग आला, कारण दुसरं काय यावं हे त्यांना कळेना. म्हणाले, "तीस वर्षं? तीस वर्षं तू मला वेड्यात काढलंस?"

"वेड्यात नाही, अंगणात काढलं," ती म्हणाली. "आणि आता ऐका. माझं नाक गेलं. तेव्हा घरात एकतर थोरली राहील नाहीतर मी."

आता इतकी वर्षं एका जागी बसलेला माणूस एका वाक्याने कसा हलणार? ते थेट रसायनांच्या दुकानात गेले. आपणच बरोबर आहोत हे सिद्ध करून यायचं, एवढाच हेतू. दुकान एका बाईंचं होतं, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. थोरली विकत घेताना त्या दर वेळी परवाना तपासत, विषाच्या वहीत सही घेत आणि दर वेळी म्हणत, "अजून जिवंत आहात वाटतं." हलूनकांनी त्यांना सगळी हकीकत हसण्यावारी नेत सांगितली. बाई हसल्या नाहीत.

"या वासाचं नाकच काही जणांना नसतं," त्या म्हणाल्या. "जन्मतःच नसतं. बाकी सगळे वास येतात, हा तेवढा येत नाही. त्यांना कळतच नाही की आपल्याला काही कळत नाही. तुम्हाला डोकेदुखी वगैरे?"

डोकेदुखी! गर्दीच्या दिवशी हमखास डोकं ठणकायचं. त्यापायी त्यांनी तीनदा चष्मा बदलला होता. घाईच्या दिवशी काच नीट धुतली जात नाही, आंबट तसंच थोरलीत जातं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण वास आला नाही म्हणजे सगळं ठीक, अशी त्यांची खूणगाठ. आणि चहा नेमका गर्दीच्या दिवशीच व्हायचा. मोकळ्या दिवशी, निवांत कामात, तिने कधी हाक मारली होती? एकदाही आठवेना.

दुकानाच्या पायरीवर ते बसले. समोरून सायकली जात होत्या, कोपऱ्यावर कुणी पंक्चर काढत होतं. हलूनकांनी एक श्वास घेतला, सोडला, दुसरा घेतला. हे जे चाललंय ते आपल्या हुशारीने चाललेलं नाही, हे त्यांना त्या पायरीवर कळलं. आपल्याला आपली बायको श्वास देत होती, आणि आपण तिच्या चहावर विनोद करत होतो. डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला, तसा चष्म्याचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी थोरलीची पाठवणी झाली. बाटली, तबक, चिमटा, सगळं बाईंच्या दुकानात. विल्हेवाट कशी लावायची ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वहीत नोंद केली, हलूनकांची शेवटची सही घेतली आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "सावकाश जा." मग हातात दोन पुड्या दिल्या. एक हायपो, म्हणजे आपली धाकटी. दुसरा नवा फिक्सर, फटाफट काम करणारा. "दोन्ही वापरून बघा. मारणार कुणीच नाही."

मारणार कुणी नव्हतं, पण हलूनकांचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. त्यांची ओळख म्हणजे ती साय. पांढऱ्या दाढीतला केस न् केस, कॉलरची इस्त्री, डोळ्यातला प्रकाशाचा थेंब. ते गेलं तर काच कापायची तेवढी उरेल, असं त्यांना वाटत होतं. थोरली गेली हे बरंच झालं, पण तिच्यामागे आपलं काम उरणार का?

प्रयोगाला माणूस हवा. गिऱ्हाइकावर प्रयोग करायचा नाही. राहिली कोण? बायको. तीस वर्षांत तिचे काचेवरचे फोटो दोन. एक लग्नानंतरचा, एक मुलगी कडेवर असतानाचा. आता ती खांद्यावर पांढरा टॉवेल घेऊन खुर्चीत बसली, पांढऱ्याची परीक्षा व्हावी म्हणून.

"हलू नका," हलूनका सवयीने म्हणाले.

"मी कुठे हलतेय? तुमच्या घरात सगळ्यांना तीच सवय लागलीय."

पहिला मान नव्या फिक्सरला. बायकोने त्याला लगेच नाव दिलं, उतावळी. उतावळी खरंच फटाफट होती. काच आत जाते न जाते तोच फोटो वर. हलूनका खूश झाले, आणि तेवढ्यात दारात टपालवाला आला. त्याच्याशी दोन शब्द बोलून परत येतात तो टॉवेलावरच्या सुरकुत्या गायब, आणि बायकोच्या कपाळावरची पांढरी बट अर्धी विरघळलेली. उतावळीला थांबायचं कुठे हेच कळत नव्हतं. पडदा खाऊन झाला की ती फोटो खायला घ्यायची.

"एवढ्या झटपट तर मला कलपही तरुण करत नाही," बायको म्हणाली.

उतावळीला पातळ करून पाहिलं, वेळ मोजून पाहिलं. कधी जमायचं, कधी घसरायचं. हलूनकांना गप्पांची सवय होती, घड्याळाची नव्हती. मग धाकटीची पाळी.

धाकटीचं काम म्हणजे सगळं सावकाश. थोरली पंधरा सेकंदांत करायची ते करायला हिला दोन-तीन मिनिटं. पण थांबायला ती तयार असायची. चुकून दोन मिनिटं जास्त झाली तरी कशाला हात लावायची नाही. हलूनकांनी काच काढली, सवयीप्रमाणे जरा पाणी मारलं, वाळवली, वॉर्निश दिलं आणि खिडकीत उभी केली. पांढरं? खोटं कशाला बोला, फरक होता. सायीऐवजी दूध. बायकोला तो दिसला नाही, दुकानातल्या बाईंना दिसला नाही, पण हलूनकांना दिसला. रात्री जेवताना त्यांनी तीनदा उसासा टाकला.

पंधरा दिवसांनी त्याहून वाईट झालं. खिडकीतल्या फोटोत बायकोच्या गालावर पिवळट डाग आले आणि कडेला मिठासारखे खडे फुटले.

"बघा," ती म्हणाली, "माझ्या तोंडाला बुरशी लावलीत."

चूक हलूनकांचीच होती, आणि ही चूक थोरलीबरोबर उभं आयुष्य काढलेला माणूसच करू शकला असता. थोरली चार तांब्यांत धुऊन निघायची. धाकटीला त्याच चार तांब्यांत उरकलं, तर ती काचेत घर करून बसली. मास्तरांनी सांगितलंच होतं, धुताना नाकी नऊ आणते. हलूनकांनी डोक्याला हात लावला. आता अर्धा तास वाहत्या पाण्याखाली एकेक काच धरायची? ते म्हणाले, "जाऊ दे. बंद करतो हे सगळं. खिडक्यांच्या काचा कापतो पुन्हा."

बायको खुर्चीत जाऊन बसली आणि टॉवेल खांद्यावर घेतला. मग म्हणाली, "एकदा नीट धुऊन तर बघा. आणि एक मागू?"

"काय?"

"ते तबक आज आत नको. इथे बाहेर, उजेडात, टेबलावर ठेवा. डेव्हलपरनंतर उजेड चालतो ना? मला बघायचंय. तीस वर्षं दार बंद. चेहरा कसा वर येतो, ते मी कधी बघितलंच नाही."

 खरंच होतं ते. थोरलीचं काम चालू असताना हलूनकांनी कुणालाच त्या दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं. जो क्षण पाहून ते स्वतः काचा टाकून इथे आले होते, तो त्यांनी इतकी वर्षं एकट्यानेच खाल्ला होता.

त्यांनी फोटो काढला, डेव्हलपर ओतला, काच धुतली आणि धाकटीचं तबक पुढच्या खोलीत टेबलावर आणून ठेवलं. बायको वाकली. आधी नुसतं निळसर दूध. मग कडेने ते विरळ होत गेलं. टॉवेल आला. मग खांदा. मग हनुवटी, हळूहळू, जणू तिलाही वर यायची लाज वाटत होती. थोरलीने हे सगळं पंधरा सेकंदांत उरकलं असतं. धाकटीने अडीच मिनिटं घेतली. डोळे सगळ्यात शेवटी आले.

"अगंबाई," बायको स्वतःशीच म्हणाली. "मी आले."

हलूनकांची निवड तिथेच झाली. साय गेली ती गेली. तीस वर्षं पांढऱ्याच्या मागे धावताना हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, की माणसांना आपला चेहरा येताना बघायला मिळाला तर पांढऱ्यातला फरक कुणी विचारणार नाही. त्यांनी ती काच अर्धा तास धुतली, मन लावून धुतली. डाग आला नाही. पुढे सहा महिने गेले तरी आला नाही.

मग फोटोचं कामच बदललं. तबक कायमचं पुढच्या टेबलावर आलं. लोक त्याच्याभोवती गोल करून उभे राहायचे, लहान पोरं स्टुलावर चढायची, एका आजोबांनी तर आपली दाढी वर येताना पाहून टाळ्या वाजवल्या. धुण्याच्या अर्ध्या तासात गप्पा व्हायच्या. आणि चहा व्हायचा, खराखुरा. जुन्या काचा पुसताना कोपऱ्यातला एखादा काळा ठिपका दिसला की हलूनका आता त्याच्यावर खेकसत नसत. त्या दिवशी तिने दार उघडलं होतं, एवढीच ती खूण. ते ठिपक्यावरून अंगठा फिरवायचे आणि काच पुन्हा जागेवर ठेवायचे. डोकं दुखायचं थांबलं होतं. चष्मा तोच होता.

बायकोचा वास मात्र परत आला नाही. दूध आता तेच बघायचे.

असाच एक दिवस. दुपारची वेळ. दोघी म्हाताऱ्या बहिणी फोटो काढायला आल्या होत्या, एकमेकींचा हात धरून. फोटो झाला. काच धाकटीत होती, बहिणी टेबलावर वाकून "तू आधी आलीस की मी?" असं भांडत होत्या. बायको म्हणाली, "तुमचं चालू द्या, मी चहा टाकते," आणि मागे गेली. हलूनका बादलीत पाणी भरत होते.

तेव्हा त्यांना वास आला. करपल्याचा नव्हे. कुजकट, उग्र, गॅसचा. मागच्या खोलीतून येत होता, आणि दाट होता. पाठोपाठ काडेपेटी उघडल्याचा आवाज आला.

त्यांच्या ओठांवर 'गॅस' हा शब्द आलाही होता. पण त्या एका क्षणात त्यांना आपलाच तीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला, बंद दाराआडून आलेला. मला तर नाही येत. तीही हेच म्हणणार. म्हणणार, आणि तोवर हातातली काडी सवयीने ओढली गेलेली असणार. समजावायला वेळ नव्हता. हलूनका आयुष्यात कधी ओरडले नसतील एवढ्या मोठ्याने ओरडले,

"अगं, चहा झालाय! बाहेर ये!"

मागे काडी ओढली गेली नाही. मग पावलं वाजली. बायको दारात आली. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात न ओढलेली काडी. तिने एक शब्दही विचारला नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चालत थेट अंगणात गेली. हलूनकांनी दोघी बहिणींना तिच्यामागे पिटाळलं, खांद्यावरच्या फडक्याने नाक दाबून आत शिरून सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, दारं उघडली, झरोक्याची फळीसुद्धा सरकवली. रबरी नळीला बोटभर चीर गेली होती.

मग ते अंगणात आले. बायको ओट्यावर बसली होती. ते तिच्या शेजारी बसले. तिने काडी पेटीत परत घातली, पेटी बंद केली आणि त्यांच्या हातात दिली.

"खूप होता का वास?" तिने विचारलं.

"खूप."

"मला काहीच आला नाही हो."

"माहितीये," हलूनका म्हणाले. "मला येतो."

तिने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. चारचौघांत हात धरायची तिची रीत नव्हती. हलूनकाही हलले नाहीत. आत टेबलावर काच तबकात तशीच पडून होती. उतावळी असती तर एव्हाना दोघी बहिणी गिळून बसली असती. धाकटीने वाट पाहिली.

थोरली बहीण बिचारी कधीची रिकाम्या हातांनी उभी होती. तिला एवढंच कळलं होतं की चहाला बोलावून घराबाहेर काढलंय. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "अहो, झाला म्हणालात ना? मग चहा कुठाय?"

"अजून ठेवायचाय," बायको म्हणाली. "आमच्याकडे असाच होतो."